आठ फटींतून गेलेलं नाव

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या याच दिवाळी अंकात जुन्या इंजिनाला नवी ताकद कशी दिली, यावर एक लेख आला होता. लेखक अमेय जोगळेकर, मोटारींच्या कंपनीत संशोधन करणारे तरुण अभियंते. लेखात आलेख होते, सूत्रं होती, लेखकाचा हसरा फोटो होता. आणि सातव्या परिच्छेदात एक वाक्य होतं : 'हे काम एका स्थानिक मेकॅनिकच्या मदतीने पार पडले.'

तो स्थानिक मेकॅनिक मी.

माझं नाव दत्ताराम शेवाळे. इस्लामपूरहून एकोणिसाव्या वर्षी या शहरात आलो, तेव्हा मला तमिळचं अक्षर येत नव्हतं आणि खिशात परतीचं तिकीट नव्हतं. दुसऱ्याच्या लेथवर झाडू मारण्यापासून सुरुवात केली आणि गिंडीत स्वतःचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप उभं केलं. 'स्थानिक' व्हायला मला चार दशकांवर वर्षं लागली, त्यामुळे त्या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही. 'एका' या शब्दाबद्दल आहे.

मी संपादकबाईंना फोन करून जे बोललो ते त्यांनी मोठ्या मनानं पोटात घातलं आणि म्हणाल्या, "मग तुम्हीच लिहा ना. बाराशे शब्द." मी अडीच हजार मागितले. दोन हजारांवर सौदा पटला.

आता धंदा समजावून सांगतो, कारण त्याशिवाय माझं दुःख तुम्हाला कळणार नाही.

जुन्या पद्धतीच्या इंजिनात हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर टाकायला झडपा असतात. आम्ही व्हॉल्व्ह म्हणतो. त्यांना दाबून उघडतो तो रॉकर. रॉकर म्हणजे बागेतल्या मुलांचा सी-सॉ समजा. एका टोकाला खालून एक दांडी, म्हणजे पुशरॉड, वर ढकलते. दुसरं टोक खाली जातं आणि व्हॉल्व्ह दाबतं. गंमत अशी की या सी-सॉचा खुंटा मधोमध नसतो. दांडीकडची बाजू आखूड, व्हॉल्व्हकडची लांब. समजा आखूड बाजू पंचवीस मिलिमीटर, लांब बाजू पस्तीस. पस्तीस भागिले पंचवीस, एक पॉइंट चार. हे रॉकरचं गुणोत्तर. दांडी सहा मिलिमीटर वर आली, तर व्हॉल्व्ह सहा गुणिले एक पॉइंट चार, म्हणजे आठ पॉइंट चार मिलिमीटर उघडणार. गुणोत्तर वाढवलं की दांडी तेवढीच उचलली जाते, पण व्हॉल्व्ह जास्त उघडतो. इंजिनात हवा जास्त जाते, ताकद वाढते. दार उघडायची आणि मिटायची वेळ जवळजवळ तीच, फक्त दार जास्त सताड उघडतं.

हे ऐकून प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटतं की मग वाढवा की गुणोत्तर, थांबता कशाला? कोवलमच्या एका मासेमारी करणाऱ्या गृहस्थानं हेच केलं होतं. होडीच्या डिझेल इंजिनाला दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचे लांब रॉकर ठोकून बसवले. व्हॉल्व्हला वर ओढून धरणारी एक स्प्रिंग असते. ती किती दाबली जाईल याला मर्यादा आहे. तिची वेटोळी एकमेकांना भिडली की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचा ठोकळा होते. त्याच्या पुशरॉड माझ्या टेबलावर आल्या तेव्हा शेवग्याच्या शेंगांसारख्या वाकल्या होत्या. वर मलाच विचारतो, "मेस्त्री, सरळ होतील ना?"

आणखी एकच गोष्ट लक्षात ठेवा. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात बारीकशी फट ठेवावी लागते. तिला आम्ही टॅपेटचा गॅप म्हणतो. या इंजिनाला पस्तीस शतांश मिलिमीटर. फट जेवढी मोठी, तेवढं व्हॉल्व्हचं उघडणं कमी. ती मोजायला पोलादी पात्यांचं फिलर गेज असतं. आणि रस्त्यात ते जवळ नसेल तर? तर माझं व्हिजिटिंग कार्ड. मी ते मुद्दाम पस्तीस शतांश जाडीच्या कागदावर छापून घेतो. छापखान्यात स्वतः मायक्रोमीटर घेऊन बसतो. इतरांची कार्डं लोक टाकून देतात, माझं हत्यारांच्या पेटीत ठेवतात.

आता गोविंदराव.

गोविंदराव मैलापूरला राहतात. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले, निवृत्त गणित शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची मराठी जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारखी, अध्येमध्ये तमिळची फोडणी. त्यांच्या वडिलांची एक गोल पाठीची, चार सिलिंडरची जुनी गाडी अंगणात उभी असते. वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून पुण्याचे आपले अमेय जोगळेकर. आणि घराच्या खऱ्या मालकीण रुक्मिणीबाई. त्यांना मी अक्का म्हणतो.

नवीन लग्न झालं तेव्हा रावांनी अक्कांना याच गाडीतून परंगीमलैच्या टेकडीवर नेऊन खाली विमानतळावर उतरणारी विमानं दाखवली होती. तेव्हापासून दर विजयादशमीला तिथं जायचं हा घरचा नेम. पण तीन वर्षांपूर्वी गाडी शेवटच्या वळणाआधी दमली, आणि अक्कांना कांजीवरम नेसून, बहिणींसह, उरलेली टेकडी पायी चढावी लागली. त्या खाली आल्या त्या निकाल घेऊनच. कोडंबाक्कमचा एक माणूस शूटिंगसाठी जुन्या गाड्या विकत घेतो, त्याच्याशी बोलूनही ठेवलं.

मला घरी बोलावलं तेव्हा त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मेस्त्री, ऐका कीं. येत्या विजयादशमीला मी गाडींत बसतें. वाटेंत माझा पाय रस्त्याला लागला, कीं गाडी कोडंबाक्कमला गेली. सेरी?"

"सेरी," राव म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखा होता.

राव मला अंगणात घेऊन गेले आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणाले, "मेस्त्री, ही गेली तर मी दिवसभर घरांत बसून काय करूं?" मी माणसाच्या रडगाण्याला सहसा भुलत नाही, कारण बहुतेक रडगाणी भाव पाडण्यासाठी असतात. हे तसलं नव्हतं.

उपाय मला सुचला, हे इथे ठासून लिहितो. दांड्या खालून उचलणारं नवं कॅम करण्यापेक्षा जुन्याच रॉकरच्या भोकात आडमध्य बुश बसवायचा, म्हणजे जिचं छिद्र मधोमध नसून किंचित बाजूला आहे अशी धातूची छोटी नळी. सी-सॉचा खुंटाच सरकवल्यासारखं. एक मिलिमीटर सरकवला की लांब बाजू छत्तीस, आखूड चोवीस. छत्तीस भागिले चोवीस, दीड. आठही रॉकरना.

अमेय लॅपटॉप घेऊन खाली आला. त्याचं उत्तर होतं एक पॉइंट सहा.

"स्प्रिंग कुठली धरलीस?" मी विचारलं.

"कॅटलॉगमधली, काका."

"गाडीत बसलीय ती पुदुपेट्टैच्या जुन्या बाजारातली. ती कॅटलॉग वाचत नाही."

मी स्प्रिंग काढून व्हाइसमध्ये दाबली. नेमकी दहा मिलिमीटर दाबल्यावर वेटोळी भिडली. त्यातलं एक मिलिमीटर तरी राखून ठेवायचं, म्हणजे उचल नऊच्या वर नाही. सहा गुणिले दीड, नऊ. हिशोब स्वच्छ होता. पण मी जन्मभर घासाघीस करून जगलेला माणूस. समोरचा एक पॉइंट सहा म्हणत असताना मी दीड म्हणालो असतो, तर राव मधलं काहीतरी काढून बसले असते. म्हणून मनात दीड ठेवून तोंडातून काढलं, "एक पॉइंट चार दोन."

"अय्यो मेस्त्री! आत्तां आहे चार. दोन शतांश देतां? भिकाऱ्याला घालतां काय?" राव खवळले. "एक पॉइंट सहा."

"चार पाच. माझ्या तोंडाकडे बघून."

"तुमच्या तोंडाकडे बघूनच पांच आठ म्हणतों."

"चार सात. यापुढे मला परवडत नाही."

अमेय दोघांच्या मध्ये आला. "काका, ही वांगी नाहीयेत. हे फिजिक्स आहे!"

"तूं थांब रे," राव म्हणाले. "पांच दोन, मेस्त्री."

"दीड. आणि उठतो मी."

"बसा. दीड."

अक्कांनी आतून कॉफी पाठवली. नंतर कळलं की रावांच्या मनातही पहिल्यापासून दीडच होता. स्प्रिंग दाबताना त्यांनी कागदावर मांडून ठेवलं होतं. अमेयच्या लेखात या सगळ्या प्रकाराचं वर्णन आहे : 'विविध पर्यायांचा तौलनिक अभ्यास करून १.५ हे गुणोत्तर निश्चित करण्यात आले.'

बुश मी स्वतः काढले. रॉकर चढवले माझ्या मुख्य फिटरनं, सेल्वमनं. सेल्वम माझ्याकडे वीस वर्षं आहे. मराठी माझ्या शिव्यांतून शिकला, त्यामुळे त्याला बहुतेक क्रियापदं आज्ञार्थातच येतात. नवमीच्या दुपारी इंजिन चालवून पाहिलं, थंड करून ठेवलं. एकदा चालवल्यावर सगळं बसतं, मग टॅपेट पुन्हा लावायचे, म्हणजे त्या फटी पुन्हा मापात आणायच्या असतात. ते दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचे ठरले, कारण संध्याकाळी पूजा होती.

इथे त्याला आयुधपूजा म्हणतात, आमच्याकडे खंडेनवमी. दिवस एकच. मी दोन्हीकडचा मान राखून जरा जास्तच करतो. लेथला, व्हाइसला, कॉम्प्रेसरला, विजेच्या मीटरलासुद्धा चंदन आणि कुंकू. त्या दिवशी फिलर गेजची पाती मी पंख्यासारखी उघडून मांडली, देवीला सगळी दिसावीत म्हणून, आणि अंगठ्यानं भरपूर चंदन ओढलं.

"सार, पात्याला नको," सेल्वम म्हणाला.

"का? पातं आयुध नाही?"

एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. सकाळी ती पूजा उरकली आणि सेल्वमनं कापड घेऊन गेज उचललं. "सार, पुसू?"

आणि माझं डोकं फिरलं. सणाच्या सकाळी, चार गिऱ्हाइकांच्या देखत मी त्याला नको ते बोललो. देवीचं पुसतोस, लाज नाही, वगैरे. सगळं इथे लिहीत नाही, संपादकबाई छापणार नाहीत. सेल्वमनं कापड खाली ठेवलं. मी ते चंदन वाळलेलं पातं घेऊन, ऐटीत, आठही टॅपेट लावले.

गाडी सुरू केली तर टकटक आवाज. सेल्वमनं माझ्याकडे पाहिलं.

"नवे बुश आहेत. बसतील," मी म्हणालो.

साडेनऊला निघालो. राव चालवायला, शेजारी मी, मागे अक्का, त्यांच्या दोन बहिणी आणि कोपऱ्यात नवा कुर्ता घातलेला अमेय. अक्कांच्या मांडीवर नवरात्रातल्या सुंडलचा, म्हणजे वाफवून फोडणी दिलेल्या हरभऱ्याचा, मोठा डबा. मागून स्कूटरवर सेल्वम. त्याला मी बोलावलं नव्हतं. तो आपण होऊन आला होता.

टेकडीच्या पायथ्याला गाडी बरी होती. पहिल्या वळणाला कुरकुरली. दुसऱ्याला रावांनी पहिला गिअर टाकला. आणि शेवटच्या वळणाच्या अलीकडे, बहुधा त्याच जागी, ती थरथरली, दोनदा खोकली आणि थांबली. रावांनी हँडब्रेक ओढला. सेल्वमनं धावत येऊन चाकामागे दगड लावला. टॅपेटची टकटक बंद झाल्यामुळे एकदम फार शांत वाटलं.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला. अक्कांचा जोडवी घातलेला पाय बाहेर आला आणि रस्त्याच्या वर वीतभर थांबला.

"अक्का!" मी ओरडलो. "पाय वर!"

"कां? गाडी थांबली कीं."

"थांबली. पण तुमचा पाय रस्त्याला लागला तर हरली असं ठरलंय. नुसती थांबली तर नाही. मला अर्धा तास द्या."

"दहा मिनिटें."

"वीस."

अक्कांनी डब्याकडे पाहिलं. "सुंडल संपेपर्यंत."

मी मान्य केलं, कारण धाकट्या बहिणीला कवळी होती हे मी हेरून ठेवलं होतं.

सेल्वमनं तोपर्यंत रॉकरचं झाकण काढलं होतं. त्यानं एका रॉकरला बोटानं हलवलं. खुळखुळ्यासारखा हलला. मग माझ्या खिशातून गेज घेतलं, पातं उजेडात धरलं आणि शांतपणे म्हणाला, "सार, पूजा इंजिनच्या आत झाली."

वाळलेल्या चंदनाचा थर पात्याइतकाच जाड होता. मी ठेवलेली फट पस्तीसची नव्हती, कुठे साठ, कुठे सत्तर. दीडच्या रॉकरनं साठ शतांश कमावले आणि त्यातले जवळजवळ निम्मे मी चंदनात घालवले. तेही प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळे. मला माझाच इतका संताप आला की ते गेज सेल्वमच्या हातातून हिसकून मी टेकडीवरून खाली भिरकावलं. लांब गेलं. झुडपात पडल्याचा आवाजही आला नाही.

मग लक्षात आलं की आता तेच हवं होतं.

"काका," अमेय म्हणाला, "आता मोजणार कशानं?"

मागून अक्कांचा आवाज : "आम्ही खातों आहों हं."

सेल्वमनं आपल्या खिशातून पाकीट काढलं. त्यातून एक कार्ड. माझं. कोपरे गोल झालेले, पण जाडी शाबूत. "सार, हे धर," तो म्हणाला. आज्ञार्थात.

पुढचं काम चौघांनी केलं. या इंजिनाचा एक नियम आहे. एक नंबरचा टॅपेट लावायचा तर आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला हवा. तीनचा लावायचा तर सहाचा. बेरीज नेहमी नऊ. अमेयला नव्या कुर्त्यासकट पुढे हँडल फिरवायला लावलं. गणिताच्या मास्तरांना एवढं पुरे झालं. ते इंजिनावर वाकून वर्गात घुमावं तसे ओरडू लागले, "आठ खालीं! एक करा! अमेय, थोडें पुढें. पुरे! सहा खालीं, तीन करा!" सेल्वम फटीत कार्ड धरायचा, मी स्क्रू फिरवायचो. कार्ड किंचित अडत, पण ओढलं की यायला हवं. एकेक करत माझं नाव त्या इंजिनाच्या आठ फटींतून गेलं आणि प्रत्येक वेळी अधिक काळं होऊन बाहेर आलं.

शेवटचा टॅपेट राहिला असताना मागून अक्का म्हणाल्या, "माझें झालें. हिचेंही झालें." आणि मग जरा नाराजीनं, "ही धाकटी मात्र अजून चावतेच आहे."

झाकण घातलं. रावांनी किल्ली फिरवली. टकटक नव्हती. शिवणयंत्रासारखा बारीक, एकसारखा आवाज. सेल्वमनं दगड काढला. रावांनी क्लच सोडला आणि गाडी पुढे गेली. मागे गेली नाही, थरथरली नाही. वळण आलं, राव नकळत पुढे झुकले, मागे तिघी बहिणीही पुढे झुकल्या. वळण संपलं. वर मोकळं आकाश दिसलं.

टेकडीवर अक्का स्वतः दार उघडून उतरल्या. दोन्ही पाय नीट जमिनीवर टेकवून माझ्याकडे वळल्या. "मेस्त्री, पाय आत्तां लागला. लिहून ठेवा." मग त्यांनी कोडंबाक्कमच्या माणसाला फोन लावला आणि तमिळमध्ये सांगितलं की गाडी रिकामी नाही, आम्हाला रोज लागते. राव विमानांकडे बघत होते. पाठमोरे. बराच वेळ.

हे सगळं अमेयच्या लेखात एका वाक्यात आहे : 'मार्गात योग्य जाडीच्या कागदाच्या साहाय्याने टॅपेट समायोजित करण्यात आले.'

योग्य जाडीचा कागद! त्या कागदावर काय छापलं होतं ते आठ व्हॉल्व्हनी वाचलं आणि एका अभियंत्याला दिसलं नाही? अंक हातात पडल्या पडल्या मी त्याला फोन केला आणि पाऊण तास बोललो. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "काका, माझं चुकलं. खरंच. पण एक विचारू? ही गोष्ट तुम्ही सगळ्यांना सांगता. प्रत्येक वेळी म्हणता, 'मी खिशातून कार्ड काढलं.' कार्ड कुणी काढलं होतं?"

मी फोन ठेवला. रागानं ठेवला, असं मी स्वतःला दोन दिवस सांगत होतो.

त्या विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी सेल्वम ते गेज झुडपातून शोधून घेऊन आला होता, धुऊन, तेल लावून. माझ्या टेबलावर ठेवलं आणि कामाला लागला. त्याला मी काय बोललो होतो, ते त्यानं कधी काढलं नाही. मीही नाही. घासाघीस मला येते. माफी मागायला कुठून सुरुवात करतात ते माहीत नाही; आधी कमी सांगायची की जास्त?

गेल्या महिन्यात जुनी कार्डं संपली. मी मायक्रोमीटर घेऊन छापखान्यात गेलो. कागद तोच, पस्तीस शतांश. वर दत्ताराम शेवाळे, त्याच मापाच्या अक्षरात खाली एस. सेल्वम. छापखानेवाला मला वीस वर्षं ओळखतो. तो सावरून बसला आणि म्हणाला, "दुसऱ्या नावाचे जास्त पडतील." मग माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिला.

मी ठीक आहे म्हणालो. तुम्हाला काही झालंय का, असं उलट त्यानंच मला विचारलं.

फक्त एक सांगितलं : शाई बेतानं लाव. जाडी वाढली, तर दोघांचंही नाव अडकेल.